घट गेली कुठे?

सीतादहीची पूजा होऊन पहिला वेचा घरात आला, की यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या ढिगात हात खुपसून ओल पाहणारी माणसं दिसू लागतात. खरेदी केंद्रावर हेच काम मीटर करतं. कापूस महामंडळाचा, म्हणजे सीसीआयचा, हिशोब उघड आहे: ८ टक्के ओलावा हा पाया, पुढच्या प्रत्येक टक्क्याला हमीभावातून एक टक्का वजा, आणि १२ च्या वर माल परत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. मीटरवर १० टक्के दिसले, तर १६२ रुपये २० पैसे गेले.

कारखान्याच्या सॉफ्टवेअरमधलं ‘डेव्हिएशन ॲनालिसिस’ हे याच हिशोबाचा थोरला भाऊ. अपेक्षित किती होतं, निघालं किती, आणि फरक कुठवर चालवून घ्यायचा?

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, बॅचला लॉट म्हणतात. समजा, १०० क्विंटल कापूस रेच्यावर, म्हणजे जिनिंगच्या यंत्रावर, चढला. साधारण ३४ क्विंटल रुई, ६४ क्विंटल सरकी, दोनेक क्विंटल घट असा साचा सॉफ्टवेअरला द्यायचा आणि फरकाची मर्यादा ठरवायची. १७० किलोच्या गाठी मोजून आकडे भरले, की उत्तर पडद्यावर. इथपर्यंत कुणालाही जमतं.

घोडं अडतं ते ओलाव्यापाशी. १०० क्विंटलात १२ टक्के पाणी असेल, तर कोरडा माल ८८ क्विंटल. तोच कापूस वाळून ८ टक्क्यांवर आला, की वजन भरतं ९५.६५ क्विंटल. एक बोंडही चोरीला न जाता सव्वाचार क्विंटलहून जास्त वजन हवेत! सॉफ्टवेअरला ‘घट दोन टक्के’ एवढंच शिकवलं असेल, तर ते तांबडा दिवा लावणार आणि संशय जाणार काट्यावरच्या माणसावर. म्हणून आवक नोंदीत ओलाव्याचा रकाना सक्तीचा हवा, आणि तुलना कोरड्या वजनावर. नाहीतर दिवाळीच्या ओल्या मालासाठी सैल केलेली मर्यादा फेब्रुवारीतही तशीच राहते आणि खरी गळती तिच्यात बिनबोभाट मावते.

मर्यादा फार घट्ट केली, तर दिवसाला वीस दिवे लागतात. मग मुनीम न वाचताच कारण टाकून मोकळा होतो. कारणांच्या यादीतून ‘इतर’ हा पर्याय तर काढूनच टाकावा. एकदा सापडला, की सगळा हंगाम त्यातच जातो.

एकूण बेरीज जुळली म्हणून निर्धास्त होणंही धोक्याचं. रेच्याचा रोलर झिजला किंवा सुरीचं अंतर बिघडलं, की रुई सरकीलाच चिकटून जाते. रुई ३२, सरकी ६६, घट दोन: बेरीज शंभर, दिवा हिरवा, आणि नुकसान रुई-सरकीच्या भावांतल्या फरकाचं. म्हणून रुईच्या उताऱ्याला वेगळी मर्यादा लागते. शिवाय लागोपाठचे लॉट मर्यादेतच पण एकाच बाजूला झुकत असतील, तर तेही सॉफ्टवेअरने ओरडून सांगायला हवं.

डेव्हिएशनबाबत औषध कारखान्यांची शिस्त अधिक कडक. २०२३ च्या अखेरीस सुधारलेल्या ‘शेड्यूल एम’ नियमांनुसार तिथे प्रत्येक विचलनाची नोंद आणि चौकशी करावी लागते. संशयित बॅच अडवून ठेवता येते. जिनिंगमध्ये तेवढी सवड नसते. गाठ एकदा दाबून बांधली, की ती पुन्हा फोडणं खर्चिक. त्यामुळे इशारा संध्याकाळच्या अहवालात येऊन उपयोग नाही. रुई गाठी बांधण्याआधी पाला हाउसमध्ये सुटी पडलेली असतानाच तो यायला हवा.