डोंगर कशाने सुटतो?

ठाण्याहून कल्याणकडे जाताना मुंब्र्याजवळचा पारसिकचा डोंगर तुम्ही पाहिला असेल. कल्याण-डोंबिवलीच्या पलीकडे मलंगगड उभा आहे. हे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे, म्हणजे काळ्या पाषाणाचे. मग पावसाळ्यात अशा डोंगरांच्या दरडी कोसळतात त्या कशा? उत्तर पुष्कळदा चिकणमातीत सापडते.

ऊनपावसाने पाषाण झिजतो, कुजतो म्हणा ना! त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची हळूहळू चिकणमाती होते. वाळूचा कण डोळ्यांना दिसतो. चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या 500 व्या भागाहूनही बारीक. वाळूच्या कणांमधील फटींतून पाणी सरसर निघून जाते. त्याच फटींत चिकणमाती बसली की वाट बुजते. ती पाणी पुष्कळ पिते, पण सहजी सोडत नाही.

विदर्भात नागपूर-चंद्रपूरकडे वाळूचा दगड सापडतो. त्यालाही हाच नियम. कण गारेच्या द्रव्याने सांधलेले असले तर दगड टणक. चिकणमातीने सांधलेले असले तर भिजताच मऊ. वरून दाब आला की त्याच्या फटी आणखी मिटतात.

आता आपल्या उताराकडे वळू. कोरड्या मुरमात कण कणाला घट्ट टेकलेला असतो. त्या घर्षणावर उतार तग धरतो. मुसळधार पाऊस लागला आणि पाण्याला वाट मिळाली नाही, म्हणजे वरचा काही भार पाण्यावर येतो. कणांची पकड सैल होते आणि उतार सुटतो. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर मुसळधार पावसात डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली.

गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करावा. दोन डब्यांच्या तळाला सारखी भोके पाडून वर फडके घाला. एकात वाळू, दुसऱ्यात वाळू व चिकणमाती मिसळून भरा. दोहोंत तांब्याभर पाणी ओता आणि घड्याळ पाहा. मुलांना व्याख्या सांगावी लागणार नाही.

उतारावर घर असेल तर एवढे ध्यानात ठेवा : पाणी अडवू नका, त्याला वाट द्या. संरक्षक भिंतीतली पाण्याची भोके बुजवू नका. जमिनीला नवी भेग पडली, झाड कलले, झरा एकाएकी गढूळ झाला, तर आधी माणसे व गुरे हलवा आणि लगेच तहसील कचेरीला कळवा. सामानसुमान मागाहून आणता येईल.