खोटी लढाई, खरा धडा

मुलांनो, धाराशिव जिल्ह्यातला परंड्याचा किल्ला पाहिलाय का तुम्ही? विजापूरची ती प्रसिद्ध 'मुलूख मैदान' तोफ एकेकाळी याच किल्ल्यावर होती, बरं का! १५४९ साली ती अहमदनगरला ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन! आता सांगा, असली तोफ डागायचा सराव रोज रोज कसा करायचा? दर वेळी केवढी तरी दारू लागणार, आणि चूक झाली तर शिकणाराच जिवाला मुकणार.

हा प्रश्न सैन्यापुढे आजही आहे. गंमत पाहा, जिथे ही तोफ जन्मली त्याच गावात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, रणगाड्यांवरच्या जवानांची लष्करी शाळा आहे. रणगाड्याचा एकेक गोळा महागडा. म्हणून रणगाड्याचे जवान आधी सिम्युलेटरवर हात बसवतात. सिम्युलेटर म्हणजे खोटा रणगाडा! बसायची जागा तशीच, बटणं तशीच, आणि पडद्यावर माळरान, धूळ, शत्रू. नेम चुकला तर कुणी मरत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

पण जुन्या सिम्युलेटरमध्ये एक खोट होती. पडद्यावरचा शत्रू ठरल्या वाटेनेच यायचा. चार वेळा सराव केला की तो पाठ! गाइडमधली उत्तरं घोकून पेपर लिहावा, तसंच हे.

इथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला येते. कशी? आपला खो-खो आठवा. अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे धाराशिवचीच! पळणारा दर वेळी डावीकडेच हुलकावणी देत असेल, तर पाठलाग करणारा ते लगेच हेरतो की नाही? संगणकही हजारो डाव खेळून असंच हेरायला शिकतो आणि आपली चाल बदलतो. २०२० साली अमेरिकेत एका संगणकाने पडद्यावरच्या विमानयुद्धात लढाऊ विमानाच्या वैमानिकाला चक्क ५-० असं हरवलं. आपल्या लष्करानेही २०२२ साली दिल्लीत अशा युद्धसरावाचं केंद्र उभारण्यासाठी राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाशी करार केला.

मग संगणक माणसापेक्षा शहाणा झाला का? थांबा! त्या सामन्यात समोरचं विमान नेमकं कुठे आहे, हे संगणकाला आयतं कळत होतं. खऱ्या आभाळात असं कुणी सांगत नाही. शिवाय त्याला मरणाची भीतीही नव्हती.

आता एक खरी गोष्ट ऐका. ९ नोव्हेंबर १९७९. अमेरिकेच्या संरक्षण केंद्रातल्या पडद्यांवर अचानक दिसू लागलं, रशियाने शेकडो क्षेपणास्त्रं सोडली आहेत! लढाऊ विमानं उडालीसुद्धा. पण अधिकाऱ्यांनी घाई केली नाही. त्यांनी रडार केंद्रांना आणि उपग्रहांच्या केंद्रांना विचारलं. आभाळ मोकळं होतं! झालं होतं काय, तर सरावासाठी तयार केलेली खोटी लढाई चुकून खऱ्या यंत्रणेत शिरली होती. त्यांनी खात्री न करता उलट क्षेपणास्त्रं सोडली असती तर?

म्हणून मुलांनो, सरावाचा शत्रू जितका हुशार तितका चांगला. पण खरं काय नि खोटं काय, हे तपासणारा माणूस शेवटी हवाच.

आज एक करून पाहा. आईशी किंवा बाबांशी बुद्धिबळाचे तीन डाव खेळा. तुमची कोणती सवय त्यांनी ओळखली, ते त्यांनाच विचारा. पुढच्या डावात ती बदला!