चार दिवसांची दुबई आणि टी. टी. नगरातले सल्ले

भोपाळच्या टी. टी. नगरात कुणाचं दुबईला जायचं ठरलं की सल्ल्यांना तोटा नसतो. न्यू मार्केटात बॅग घ्यायला गेलात तर दुकानदारसुद्धा दोन गोष्टी ऐकवतो. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, सोनं तिथूनच घ्या, आणि उन्हाचं काय, "अपने को तो गर्मी की आदत है". यातला एकेक सल्ला कधीतरी, कुणासाठी तरी खरा होता, म्हणूनच तो इतका टिकला. १९५६ साली भोपाळ राजधानी झाल्यावर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडून सरकारी नोकरीसाठी जी मराठी घरं इथल्या क्वार्टरांत आली, त्यांची नातवंडं आता पुण्या-बंगळुरात कमावतात आणि आजी-आजोबांना परदेश दाखवायचा म्हटलं की आधी दुबईचं नाव घेतात. विमान तीन-चार तासांचं, घड्याळ दीड तासच मागे, हिंदी सगळीकडे चालते. ठिकाण सोपं आहे यात वाद नाही. पण सोपं आहे म्हणून चौकशी केली नाही तरी चालेल, हे काही खरं नाही.

सुरुवात पासपोर्टापासून करू. दहावी न झालेल्या आजीच्या पासपोर्टावर 'ईसीआर' (म्हणजे परदेशी जाण्याआधी तपासणी आवश्यक) असा शिक्का असेल तर घरात एकदम शांतता पसरते. संयुक्त अरब अमिराती हा देश ईसीआर यादीतला आहे, हे बरोबर. पण ही तपासणी नोकरीसाठी जाणाऱ्यांची फसवणूक होऊ नये म्हणून आहे. फिरायला जाणाऱ्याकडे वैध पासपोर्ट, व्हिसा आणि परतीचं तिकीट असलं की वेगळी परवानगी लागत नाही. शिवाय वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांना शिक्षणाची अट न लागता तो शिक्का नसलेला पासपोर्ट मिळू शकतो, आणि विभागीय पासपोर्ट कार्यालय भोपाळातच आहे. शिक्क्यापेक्षा मुदतीकडे बघा: प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवेत.

व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, हे ज्याने सांगितलं त्याच्याकडे बहुधा अमेरिकेचा व्हिसा असावा. भारतीय पासपोर्टावर अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल, किंवा ब्रिटन-युरोपात राहण्याचा परवाना असेल, तर दुबई विमानतळावर १४ दिवसांचा व्हिसा मिळतो; पुढे या सवलतीत आणखी काही देश आले. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याने ई-व्हिसा हातात घेऊनच निघायचं. तो विमान कंपनी, हॉटेल किंवा प्रवास एजंटामार्फत काढतात, ३० किंवा ६० दिवसांचा. २०२४ च्या अखेरीपासून हॉटेलचं आरक्षण आणि परतीचं तिकीट काटेकोरपणे पाहिलं जातं. भाच्याकडे उतरणार असाल तर भाच्याच्या घराची आणि तिथल्या ओळखपत्राची कागदपत्रं आधी मागवा. मामाचं नातं व्हिसा खात्याला सांगून कळत नाही.

भोपाळहून जायचं कसं, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. तो पहिला असायला हवा. इंदूरहून २०१९ च्या जुलैत दुबईचं विमान सुरू झालं, ते त्या शहराचं पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण. तेव्हापासून "इंदूरहून थेट आहे की" हे वाक्य भोपाळात रूढ झालं. पण असे मार्ग हंगामागणिक बदलतात, कधी शारजाहकडे वळतात, तेव्हा त्या महिन्याचं वेळापत्रक पाहूनच ठरवा. शारजाहला उतरणं वाईट नाही, व्हिसा तोच चालतो. फक्त शारजाह-दुबई रस्ता सकाळ-संध्याकाळ कसा तुंबतो ते तिथल्या कुणालाही विचारा. दिल्ली-मुंबईमार्गे जाताना मोठा धोका वेगळाच आहे. स्वस्त पडतं म्हणून भोपाळ-मुंबई एक तिकीट आणि मुंबई-दुबई दुसरं, असं काढलं की पहिलं विमान रखडल्यास दुसऱ्या कंपनीवर कसलीच जबाबदारी नसते. सामानही मध्येच उचलून पुन्हा जमा करावं लागतं. जोडतिकीट हजार-दोन हजारांनी महाग असलं तरी ज्येष्ठांसाठी तेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत.

आता बॅग भरायची. इथे मराठी घराला खास धोका आहे आणि तो म्हणजे अनारसे. अनारशाला लागते खसखस, आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत मोडते. आपल्याला हे पटत नाही, कारण मंदसौर-नीमच पट्ट्यात परवाना घेऊन अफू पिकते आणि तिथली खसखस भोपाळच्या वाणसामानात धण्या-जिऱ्याच्या शेजारी बसते. तिथल्या कायद्याच्या नजरेत मात्र ते अफूचंच बी. म्हणून अनारसे, खसखस घातलेला घरचा मसाला, बाळंतिणीसाठी केलेले खसखशीचे लाडू, यातलं काही नेऊ नका. "एवढंसं कोण बघतं" या भरवशावर तर मुळीच नको. विड्याची पानंही तिथे बंदीच्या यादीत आहेत, तेव्हा पानदान घरी राहू द्या. औषधांचंही तसंच. कोडीनयुक्त खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या तिथे नियंत्रित आहेत. आजोबांच्या डब्यातली प्रत्येक पट्टी घटकनावासकट तपासा. नियंत्रित औषध लागणारच असेल तर तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर आगाऊ ऑनलाइन परवानगी घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि गोळ्या मूळ वेष्टनातच असू द्या.

पोटाची काळजी करून बॅगेत दहा किलो फराळ कोंबण्याची गरज खरं तर उरलेलीच नाही. विदर्भातून गेलेल्या धनंजय दातारांनी १९८४ मध्ये दुबईत 'अल अदिल' नावाने किराणा सुरू केला. आता त्यांच्या दुकानांत पोह्यांपासून पापडापर्यंत सगळं मिळतं. अमिरातीत भारतीयांची संख्या ३५ लाखांच्या वर आहे. करामा आणि बर दुबई भागात शाकाहारी थाळी शोधावी लागत नाही, ती समोर येते.

"वाळवंट आहे, कोरडं ऊन, आपल्याला सवय आहे." जून-जुलैचं स्वस्त पॅकेज घेणारे हे वाक्य हटकून म्हणतात. भोपाळचा मे महिना चाळिशी पार करतो, पण तो कोरडा असतो, घाम वाळतो, माठातलं पाणी गार होतं. दुबई वाळवंटात असली तरी वसलेली उथळ आखाताच्या काठावर आहे. उन्हाळ्यात ते पाणीच तिशीच्या पलीकडे तापतं आणि हवेत इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही. रात्रीही पारा तिशीखाली फारसा उतरत नाही. त्यात आणखी एक गोष्ट पॅकेजच्या पत्रकात सहसा नसते: मिरॅकल गार्डन आणि ग्लोबल व्हिलेज ही दोन्ही ठिकाणं ऐन उन्हाळ्यात बंद असतात. म्हणजे स्वस्तात गेलात तर मॉल बघाल. नोव्हेंबर ते मार्च हा खरा काळ. सध्याची काही वर्षं रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो. तेव्हा उपाहारगृहं दिवसाही चालू असतात, फक्त रस्त्यात, टॅक्सीत उघडपणे खाणं टाळावं. आणि पाऊस पडतच नाही असंही नाही. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत ७५ वर्षांतला विक्रमी पाऊस झाला आणि विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली गेली.

चार दिवसांत सगळं बघून होतं का? होत नाही. शहर किनाऱ्याला धरून लांबच लांब पसरलंय, देरा ते मरीना पस्तीसेक किलोमीटर. अबू धाबी आणखी दूर, जाऊन-येऊन चार तास रस्त्यावर. तिथली मोठी मशीद आणि २०२४ च्या फेब्रुवारीत उघडलेलं स्वामीनारायण मंदिर बघायचं असेल तर पूर्ण दिवस त्यालाच द्या. मला विचाराल तर चारांपैकी एक अख्खा दिवस जुन्या खाडीला द्यावा, कारण बहुतेक भारतीय सहली तिथे तासभर टेकवून पुढे पळतात. देऱ्याहून बर दुबईला अब्रा नावाची लाकडी होडी एका दिरहमात पोचवते. बुर्ज खलिफाच्या १२४ व्या मजल्यावरून दिसत नाही अशी दुबई तिथे दिसते, आणि ती आपल्या ओळखीची निघते. ही काही तेलावर एका रात्रीत उगवलेली नगरी नव्हे. तेल सापडलं १९६६ मध्ये, आणि आज दुबईच्या उत्पन्नात त्याचा वाटा अगदी नगण्य आहे. त्याआधी इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. १९०९ मध्ये उघडलेलं इथलं पहिलं टपाल कार्यालय भारतीय टपाल खात्याचं होतं. चलनही रुपयाच. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया छापला आणि १९६६ मध्ये आपण अवमूल्यन केलं तेव्हा आखाती राज्यांनी तो सोडला. दिरहमची किंमत विचारून दचकणाऱ्या मंडळींनी हे जरूर ऐकावं.

टॅक्सीशिवाय तिथे पर्याय नाही, हाही असाच एक समज. चालकाविना धावणारी मेट्रो २००९ पासून आहे, विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ वरून थेट मिळते, आणि महिला-मुलांसाठी वेगळा डबा असतो. तिच्या भाड्यासाठी नोल कार्ड घ्या. फक्त डब्यात शेंगदाणे काढू नका. खाण्यापिण्याला १०० दिरहम दंड आहे, च्युइंगगमलासुद्धा. रस्ता कुठूनही ओलांडण्याची भोपाळच्या रोशनपुरा चौकातली सवय ४०० दिरहमला पडते. हॉटेलात खोलीमागे दररोज ७ ते २० दिरहम पर्यटन शुल्क असतं. ते बऱ्याचदा पॅकेजमध्ये धरलेलं नसतं, आणि काउंटरवर भांडण बहुतेक त्यावरूनच होतं. तिथल्या नेटवर्कवर व्हॉट्सॲपचे कॉल लागत नाहीत, संदेश जातात. तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे "फोन का लागत नाही" म्हणून इकडे कुणी घाबरणार नाही. कपड्यांबद्दलची भीती तर निव्वळ ऐकीव: साडी, सलवार, जीन्स सगळं चालतं. डोकं झाकायचं ते मशिदीत. वाळवंटातल्या सफारीत गाडी वाळूच्या टेकड्यांवरून आदळत-आपटत जाते. कंबरदुखी असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ती उडी टाळून थेट तळावर जेवायला पोचावं. तशी सोय मागितली तर मिळते.

राहिलं सोनं. सोन्याचा मूळ भाव जगभर जवळपास एकच असतो. दुबई स्वस्त पडायची ती आपल्या आयातशुल्कामुळे. जुलै २०२४ मध्ये ते शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आलं आणि तो फायदा बराच आटला. महिलांना ४० ग्रॅम, पुरुषांना २० ग्रॅम दागिने माफ, हे ज्यांनी ऐकलंय त्यांनी अर्धंच ऐकलंय. ही सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांची आहे. चार दिवसांच्या पाहुण्याने आणलेलं सोनं लाल मार्गिकेत जाहीर करून शुल्क भरायचं असतं. उलट जाताना अंगावरच्या पाटल्या-मंगळसूत्राची बिलं सोबत ठेवा. वजनदार दागिने असतील तर निघतानाच भारतीय कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, नाहीतर स्वतःच्याच लग्नातल्या पाटल्यांचा हिशेब परतताना द्यावा लागेल. पॅकेजवर कापला गेलेला टीसीएसही (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर) बुडीत खात्यात टाकू नका. तो जादा कर नाही, विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. दुबईतल्या खरेदीवरच्या ५ टक्के व्हॅटचाही मोठा भाग परत मिळतो, पण एका दुकानात किमान २५० दिरहमची खरेदी आणि पासपोर्ट दाखवून केलेली नोंद हवी. विमानतळावर हे काम बॅगा चेक-इन करण्याआधी उरका, कारण तिथले अधिकारी वस्तू दाखवायला सांगू शकतात आणि तोवर बॅग पट्ट्यावरून गेलेली असली तर काही करता येत नाही.