सुप्याचं पाणी, दांडेलीचे पाहुणे

लोंढा हे उतरायचं गाव आहे, थांबायचं नव्हे. एक लाइन बेळगाव-मिरजेकडं जाते, दुसरी हुबळी-धारवाडकडं, तिसरी कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्याला. तिन्ही इथं मिळतात म्हणून आमच्या गावाच्या नावापुढं ‘जंक्शन’ लागलं. पूर्वी इथं उतरणारा माणूस गाडी बदलायला उतरायचा. आता शनिवारी सकाळी पाठीवर मोठाल्या बॅगा घेऊन जी पोरं उतरतात, ती गाडी बदलत नाहीत. स्टेशनाबाहेर येऊन जीपवाल्याला विचारतात, “दांडेलीला कितीला जाणार?”

मी लोंढ्याचा, त्यात बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलेलं. त्यामुळं मला भाड्यापेक्षा दुसराच प्रश्न पडतो. जंगल तर आमच्या खानापूर तालुक्यातही आहे की. भीमगड आहे, म्हादईचा उगम आहे, पाऊस तर विचारूच नका. मग लोंढ्यात उतरलेला हा सगळा लोंढा दांडेलीकडंच का जातो?

मला सापडलेलं उत्तर एका शब्दाचं आहे: वीज.

ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रामनगरवरून दांडेलीला जाताना वाटेत गणेशगुडी लागते. तिथं काळी नदीवर सुपा धरण आहे, १०१ मीटर उंच. काळी नदी जोयडा तालुक्यातच डिग्गीजवळ उगम पावते आणि साधारण १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. म्हणजे तशी ती छोटीच नदी. पण सह्याद्रीतला पाऊस तिच्या पदरात पडतो आणि डोंगरातून समुद्रसपाटीला येताना ती थोड्या अंतरात पुष्कळ खाली उतरते. वीज करणाऱ्याला हेच दोन गुण हवे असतात, पाणी आणि उतार. १९७० साली कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि काळी खोऱ्याचं काम पुढं त्याच्याकडं आलं. सुप्याच्या जलाशयात १४७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर २,८०० कोटींच्या वर. वर्तमानपत्रात ‘टीएमसी’ वाचून आपण पुढं जातो, म्हणून इथं मुद्दाम फोड केली.

आता गंमत बघा. धरणाच्या पायथ्याशी असलेलं वीजघर १०० मेगावॅटचं. ते पूर्ण क्षमतेनं एक तास चाललं तर एक लाख युनिट वीज तयार होते. महिन्याला १०० युनिट जाळणारं घर धरलं, तर एका तासात हजार घरांची महिनाभराची सोय. पण पाणी तिथं संपत नाही. तेच पाणी खाली बोम्मनहळ्ळीला अडवतात, बोगद्यातून नागझरीच्या वीजघरात सोडतात, पुढं कोडसळ्ळी, त्याच्या पुढं कद्रा. एकच पाणी चारदा कामाला लागतं आणि या चारही वीजघरांची क्षमता मिळून १,२०० मेगावॅटच्या वर जाते. कद्र्याच्या पाण्यावर परत कैगाचा अणुवीज प्रकल्प. आमच्या आज्या एकाच ताकाची कढीही करायच्या आणि उरलेलं कणकेत घालायच्या, तसलाच हा संसार.

यात पर्यटन कुठं आलं? ते आलं पाण्याच्या वेळेत. सह्याद्रीतल्या नद्या पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत त्यांचे दगड उघडे पडतात. धरण नसतं तर गणेशगुडीजवळची काळीही मे महिन्यात तशीच दिसली असती. पण चार महिन्यांचा पाऊस साठवून तो उरलेले आठ महिने वापरायचा, हा तर सुप्याचा उद्देशच आहे. वीजघर चाललं की टर्बाइनमधून बाहेर पडलेलं पाणी नदीत येतं आणि भर उन्हाळ्यातही काळी खळाळते. त्या खळाळावर राफ्टिंग चालतं. म्हणून तिथं उलटं गणित आहे. पावसाळ्यात राफ्टिंग बंद आणि कॉलेजला सुट्टी लागते तेव्हा जोरात! दांडेलीला आलेला पाहुणा बोटीत बसून ज्या लाटेवर ओरडतो, ती लाट कुणाच्या तरी घरातल्या फॅनमुळं आलेली असते. राज्यात विजेची मागणी वाढली, वीजघराला हुकूम गेला, पाणी सुटलं, बोट निघाली.

पाण्याइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट म्हणजे धरणासाठी झालेले रस्ते, वसाहती, गोदामं. धरण बांधायचं तर आधी जंगलात रस्ता न्यावा लागतो. सरकार असा रस्ता पर्यटकासाठी कधी बांधणार नाही, सिमेंटच्या ट्रकसाठी बांधतं. नंतर ट्रक जातात आणि रस्ता राहतो. गणेशगुडीला ‘ओल्ड मॅगझिन हाउस’ नावाची जागा आहे. आपल्यासारख्या मासिकवाल्यांनी नावावर जाऊ नये. हे मॅगझिन म्हणजे दारूगोळ्याचं कोठार. धरणाच्या कामातली स्फोटकं तिथं ठेवत. आज राज्य सरकारची जंगल लॉजेस ही कंपनी तिथं पक्षी बघणाऱ्यांची राहायची सोय करते. डोंगर फोडायच्या सुरुंगांचं कोठार ते पक्षी उडू नयेत म्हणून दबक्या आवाजात बोलायची जागा. ‘पायाभूत सुविधांचे बाह्य लाभ’ ही पाठ्यपुस्तकातली व्याख्या मला त्या एका इमारतीनं जेवढी समजावली, तेवढी कुठल्या गाइडनं नाही.

अर्थशास्त्रात या विषयावर एक जुना वाद आहे. विजेतली गुंतवणूक वाढली म्हणून पर्यटन वाढतं, की पर्यटन वाढलं म्हणून विजेत गुंतवणूक करावी लागते? विकसनशील देशांत दोन्ही आकडे एकदमच वर जाताना दिसतात, त्यामुळं कोण कुणाच्या मागं आहे हे आकड्यांवरून पटकन कळत नाही. आम्हाला मात्र लोंढ्यात उभं राहून दोन्ही दिशा दिसतात. दक्षिणेला काळीचं खोरं, तिथं आधी वीज आली, मग पाहुणे. पश्चिमेला घाटाखाली गोवा, तिथं आधी पाहुणे.

गोव्याकडं स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. बाहेरून वीज घेऊनच हॉटेलांचे एसी चालतात. मागणी वाढत गेली तशी धारवाडजवळच्या नरेंद्रहून गोव्यात शेल्डेपर्यंत ४०० केव्हीची वाहिनी नेण्याची योजना निघाली. वाट कुठून? आमच्या बाजूचं जंगल आणि तिकडचं मोले अभयारण्य यातून. त्याच पट्ट्यात कॅसलरॉक ते कुळे रेल्वेचं दुहेरीकरणही ठरलं होतं. मुरगाव बंदरातला कोळसा घेऊन जाणाऱ्या मालगाड्या याच घाटानं चढतात आणि लोंढ्यावरून तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडं जातात. २०२०मध्ये गोव्यातल्या तरुण पोरांनी ‘आमचें मोलें’ म्हणत विरोध सुरू केला. एप्रिल २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या समितीनं सुचवलं की नवी वाट कापण्यापेक्षा असलेल्या जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातूनच वीज न्यावी. मे २०२२मध्ये न्यायालयानं दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. दूधसागर धबधबा त्याच घाटात आहे, ३१० मीटरचा. ‘चेन्नई एक्सप्रेस’ आल्यावर तर तो सगळ्या देशाला ठाऊक झाला. पाहुण्यांना गारवा पुरवायला जी वाहिनी हवी, ती पाहुणे जे बघायला येतात त्याच्याच डोक्यावरून न्यायची, असा हा पेच आहे. मी स्वतः समितीच्या बाजूचा. जुनी वाट असताना नवी झाडं का तोडायची?

पण दुधाच्या हिशेबात पाण्याचाही हिशेब मांडला पाहिजे. काळीच्या खोऱ्यात ‘आधी वीज, मग पाहुणे’ हे इतकं सोपं झालं नाही. त्याच्याही आधी माणसं उठली. सुपा हे गाव होतं. नुसतं गाव नव्हे, तालुक्याचं ठाणं. आजचा जोयडा तालुका तेव्हा सुपा तालुका म्हणून ओळखला जायचा. गाव जलाशयाखाली गेलं, आणि उठवलेल्या पुष्कळ कुटुंबांना रामनगरला वसवलं. आमच्या गावापासून ते जवळच, बेळगाव-गोवा रस्त्यावर. बाजारात तिथली म्हातारी माणसं अजून ‘आमच्या सुप्यात’ असं बोलून जातात. धरणाच्या खर्चात त्यांच्या शेताची किंमत धरली गेली असेल. पण पर्यटनाचं उत्पन्न मोजताना ते शेत कुणाच्याच वहीत नसतं. पुढं २००७मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५मध्ये त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प झालं, आणि जंगलातल्या उरलेल्या वाड्यांवर आणखी बंधनं आली. पाहुणा वाघासाठी येतो (दिसत नाही, ती गोष्ट वेगळी), पण वाघाच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुणब्याच्या अंगणापर्यंत त्याचा पैसा पोचेलच असं नाही.

इथं ‘गळती’ ही कल्पना कामाला येते. पाहुण्यानं शंभर रुपये खर्च केले, तर त्यातले किती गावात राहिले? बुकिंग बेंगळूरच्या कंपनीचं, मालक हुबळीचा, कोंबडी-तांदूळ बेळगाव मार्केटातनं आला असेल, तर गावात राहतो तो भांडी घासणाऱ्याचा पगार. उलट घरातच दोन खोल्या काढून होमस्टे चालवला, परसातला भोपळा शिजवला, तर गळती कमी. लोंढ्याचं तर विचारूच नका. आमच्या वाट्याला येतं जीपचं भाडं आणि कपभर चहा.

आणखी एक गोष्ट मला हल्ली खुणावते. कर्नाटकात सौर वीज झपाट्यानं वाढली. पावगडचं सौर उद्यानच २,००० मेगावॅटच्या वरचं आहे. सूर्य दुपारी भरपूर वीज देतो आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला मावळतो. जलविद्युतचा मोठा गुण असा की ती हवी तेव्हा सुरू करता येते, हवी तेव्हा थांबवता येते. म्हणजे उद्या शहाणपणानं वागायचं ठरवलं, तर सुप्याचं पाणी दुपारी राखून संध्याकाळी सोडणं वीजवाल्यांना परवडेल. राफ्टिंग मात्र अंधारात करता येत नाही. ग्रीडच्या दृष्टीनं जे बरोबर, ते गणेशगुडीच्या बोटवाल्या पोराच्या दृष्टीनं अर्ध्या दिवसाचा रोजगार बुडवणारं ठरू शकतं. त्याची बोट, त्याचं लाइफ जॅकेट, त्याचं कर्ज सगळं त्या पाण्याच्या वेळेवर उभं आहे, आणि ती वेळ ठरवणाऱ्या टेबलाशी त्याला खुर्ची नाही. निदान दुसऱ्या दिवशी पाणी किती वाजता सुटणार, एवढा निरोप आदल्या संध्याकाळी गणेशगुडीच्या नाक्यावर फळ्यावर लिहून लावायचा हक्क त्याला असायला हवा. खडू आणि फळा यांना मेगावॅट लागत नाही.