चिप... थंड डोक्याची!

रात्री अकरा वाजता तुम्ही काय करता? शेवटचा मेल चेक, अलार्म सेट आणि मनगटावरचं स्मार्टवॉच थेट चार्जिंगला! म्हणजे दिवसभर तुमच्या हृदयाचे ठोके मोजणारा हा पहारेकरी ऐन रात्री ड्युटी सोडून टेबलावर पडून राहतो. आपलं चालून जातं हो. पण ज्यांचं गॅजेट शरीराच्या आतच बसवलंय, त्यांनी काय करायचं?

माझ्या मावशीला पेसमेकर आहे. मध्यंतरी त्याची बॅटरी संपत आली. ती बदलणं म्हणजे घड्याळात नवा सेल टाकणं नव्हे. पुन्हा अॅडमिट व्हा, छातीजवळ पुन्हा छेद आणि आतली अख्खी डबीच नवी! 'मोबाइलसारखी पिन खुपसता आली असती तर बरं झालं असतं गं,' मावशी हसत म्हणाली. पण आदल्या रात्री ती झोपली नव्हती.

तरी पेसमेकरचं काम त्या मानाने साधं, म्हणून त्याची बॅटरी वर्षानुवर्षं पुरते. खरी कसोटी मेंदूत. एपिलेप्सी, म्हणजे फिट्स येणाऱ्या काही पेशंट्ससाठी 'न्यूरोपेस' कंपनीचं एक उपकरण कवटीत बसवतात. अमेरिकेत त्याला २०१३ साली मान्यता मिळाली. मेंदूतले सिग्नल ते सतत वाचतं आणि गडबडीची चाहूल लागली, की विजेचा हलकासा पल्स देतं. आता अशा उपकरणाला आणखी हुशार करायचं, तर आकडेमोड वाढणार. आकडेमोड वाढली की बॅटरी खाणार आणि वर उष्णताही! मांडीवरचा लॅपटॉप तापला तर आपण उचलून बाजूला ठेवतो. डोक्यातला कुठे ठेवणार?

इथेच एंट्री होते 'न्यूरोमॉर्फिक' चिपची. नाव जड आहे, फंडा सोपा आहे. नेहमीच्या कॉम्प्युटरमध्ये माहिती एकीकडे आणि काम दुसरीकडे. एका फाइलीसाठी शिपायाने दिवसभर तळमजला ते चौथा मजला खेपा घालाव्यात, तसं! मेंदूत मात्र फाइल जिथे, काम तिथेच. शिवाय मेंदूतल्या पेशी उगाच बडबडत नाहीत. सांगण्यासारखं काही असलं, की शेजारणीला एक मिस्ड कॉल. बाकी वेळ गप्प. म्हणूनच आपला अख्खा मेंदू साधारण २० वॉटवर चालतो. घरातले दोन एलईडी बल्ब समजा!

अमेरिकेतल्या कॅलटेकच्या कार्व्हर मीड यांनी १९८०च्या दशकात ही कल्पना मांडली. २०१४ मध्ये आयबीएमने 'ट्रूनॉर्थ' चिप आणली. तिच्यात १० लाख कृत्रिम न्यूरॉन्स आणि खर्च मिलिवॅट्समध्ये. २०२१ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी अशीच एक चिप एपिलेप्सीच्या पेशंट्सच्या मेंदूतल्या, आधी रेकॉर्ड केलेल्या सिग्नल्सवर वापरून पाहिली. फिट्स मेंदूच्या कुठल्या भागातून उठतात हे शोधायला मदत करणाऱ्या बारीक लहरी तिने ओळखल्या. तेही एक मिलिवॅटपेक्षा कमी विजेवर!

आणखी एक फायदा आहे. विश्लेषण अंगावरच झालं, तर तुमच्या ठोक्यांचा डेटा दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर पाठवायची गरज कमी होते.

पण लगेच पार्टी नको! हे बरंचसं अजून प्रयोगशाळेतच आहे. आणि प्रश्नही साधा नाही. आज उपकरणाचं सेटिंग डॉक्टर ठरवतात. उद्या चिप शरीरात बसून स्वतःच शिकायला लागली आणि चुकीचं शिकली, तर? आज पास झालेली चिप वर्षभराने तीच राहील, याची हमी कोण देणार?

मावशीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'हुशार नसली तरी चालेल, पण पुन्हा पुन्हा कापायला लावू नये म्हणावं.'

इंजिनीअर मंडळी, ऐकताय ना?