पेशीच्या कडेवरची तपकिरी रेघ

धाडमधल्या एका काकूंच्या रिपोर्टवर शेवटची ओळ होती, 'हर-टू : २+, इक्विव्होकल'. स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी संभाजीनगरला गेला होता, त्याचा हा निकाल. घरच्यांचा प्रश्न सरळ होता : "म्हणजे आहे की नाही?" मी तो संपादकांच्या कानावर घातला, तर ते म्हणाले, "हा निकाल ज्या वस्तूनं दिला, तिच्यावरच लिहा." ती वस्तू म्हणजे एक अँटिबॉडी. मराठीत प्रतिपिंड म्हणतात, पण प्रयोगशाळेत हा शब्द कुणाच्या तोंडी नाही.

हर-टू हे प्रथिन पेशीच्या पडद्यात रुतून बसलेलं असतं. थोडा भाग बाहेर, थोडा आत. पेशीला वाढीचा निरोप पोचवणं हे त्याचं काम. साध्या पेशीवर ते हजारोंच्या घरात असतं. काही स्तनकर्करोगांत १७व्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकाच्या प्रती वाढतात, मग त्याची संख्या लाखांत जाते आणि पेशी थांबायचं विसरते. शंभरातल्या साधारण १५ ते २० रुग्णांत हे आढळतं. त्यांच्यासाठी ट्रास्टुझुमॅब हे औषध आहे, आणि तेही अँटिबॉडीच. औषध आणि ते कुणाला द्यायचं हे सांगणारी चाचणी, दोघांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती एकाच दिवशी, २५ सप्टेंबर १९९८ रोजी.

एकाच साच्यातल्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवण्याची रीत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिजमध्ये शोधली. त्यांना १९८४चं नोबेल मिळालं. आपल्याकडे गाठीच्या पेशी तपासण्याच्या कामाची पायवाट त्याआधीची आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली परळला सुरू झालं, तेव्हा तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांनी १९४९ साली पीएच.डी. केली, पुढे मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांमधल्या स्तनकर्करोगावर वर्षानुवर्षं काम केलं. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. गाठीच्या पेशी शरीराबाहेर काढून निगुतीनं तपासायच्या, ही शिस्त त्या पिढीनं घालून दिली.

संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत मी ज्यांच्या शेजारी उभा राहिलो, त्या तंत्रज्ञ ताई याच शिस्तीतल्या. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला तुकडा त्यांनी मायक्रोटोमवर चढवला. चाक फिरलं की पात्यावरून तीन-चार मायक्रॉन जाडीची पापडी सुटते. ती कोमट पाण्यावर तरंगवायची, सुरकुती उलगडू द्यायची आणि काचपट्टी पाण्यात तिरकी बुडवून अलगद उचलायची. "श्वास सोडायचा नाही आत्ता," ताई पुटपुटल्या. हे त्या स्वतःला सांगत होत्या की मला, ते कळलं नाही. त्याच काचपट्टीच्या एका टोकाला आणखी दोन तुकडे होते. एक हर-टू भरपूर असलेला, एक अजिबात नसलेला. या दोघांनी आपापली साक्ष नीट दिली नाही, तर रुग्णाचा निकाल वाचायचाच नाही, असा दंडक आहे.

मला सगळ्यात विलक्षण वाटली ती पुढची पायरी. तुकडा टिकावा म्हणून तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, पण फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी असं जखडतं की अँटिबॉडीला धरायची जागाच दिसेनाशी होते. पॅथॉलॉजिस्टांना या अडचणीनं दशकानुदशकं सतावलं. १९९१ साली शी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की काचपट्टी द्रावणात घालून मायक्रोवेव्हमध्ये चांगली तापवली, तर झाकलेली जागा पुन्हा उघडी पडते. उष्णतेनं प्रथिन बिघडतं असंच आपण शिकलेलो. इथे तिनंच वाट मोकळी केली.

मग अँटिबॉडीचे थेंब. ती हर-टूला चिकटते, तिच्यावर दुसरी बसते, त्या दुसरीसोबतचं एन्झाइम रंगद्रव्याला तपकिरी करतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रकं निळी आणि कडा तपकिरी. दहा टक्क्यांहून जास्त कर्कपेशींभोवती गडद, पूर्ण वेढा असेल, तर ३+. फिकट आणि तुटक असेल, तर १+. वेढा पूर्ण, पण रंग फिका ते मध्यम, तर २+. म्हणजे काकूंचा निकाल. इथे अँटिबॉडी हात टेकते आणि जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी करावी लागते. घरच्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या दिवशी एवढंच होतं : अजून ठरलेलं नाही.

तपासणीत सर्रास वापरली जाणारी फोर-बी-फाइव्ह ही अँटिबॉडी हर-टूचा पेशीच्या आतला भाग धरते, ट्रास्टुझुमॅब बाहेरचा. काही गाठींत बाहेरचा भाग गळून पडलेला असतो. काचपट्टी तपकिरी होते, पण औषधाला पकडायला काही उरत नाही. कोणती अँटिबॉडी कुठे धरते, हे माहीत असणं म्हणूनच गरजेचं.

संशोधनासाठी विकल्या जाणाऱ्या कुप्यांबाबत ही काळजी आणखी वाढते. त्यांच्यावर 'केवळ संशोधनासाठी' असं छापलेलं असतं. त्यावर रुग्णाचा निकाल देता येत नाही. त्यातल्या कित्येक भलत्याच प्रथिनाला चिकटतात, किंवा एका खेपेची कुपी दुसऱ्या खेपेसारखी वागत नाही. २०१५ साली ब्रॅडबरी आणि प्लुकथुन यांनी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांसह 'नेचर'मध्ये मागणी केली की अँटिबॉडी तिच्या जनुकीय क्रमावरून ओळखली जावी आणि त्यावरूनच बनवली जावी. मला ती मागणी शंभर टक्के पटते.

शिवाय २०२२ पासून नवा पेच आहे. ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन हे औषध हर-टू कमी असलेल्या गाठींवरही चालतं असं दिसलं. आता शून्य की १+, यावर उपचार ठरू लागले. ही चाचणी बनली होती भरपूर आणि मामुली यांतला फरक सांगायला, तिला आता मामुली आणि नगण्य यांतला फरक विचारला जातोय. एकच काचपट्टी दोन पॅथॉलॉजिस्ट इथे वेगळी वाचू शकतात.

पण ताईंची काळजी याहून साधी होती. "आमच्याकडे पोचेपर्यंत अर्धा निकाल लागलेला असतो," त्या म्हणाल्या. शरीरातून काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट हवं, तेही बफर घातलेलं. ते आत मुरतं तासाला जेमतेम मिलिमीटरभर, म्हणून मोठी गाठ वेळेवर चिरून ठेवावी लागते. प्रत्यक्षात तुकडा कधी सलाइनमध्ये येतो, कधी अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेला, कधी नातेवाइकाच्या पिशवीत दोन दिवस एसटीनं फिरून. डब्यावर वेळ नसते. असा तुकडा आतून सडू लागलेला असला, तर जगातली उत्तम अँटिबॉडीही त्यावर खोटं बोलू शकते. आणि खोट्या शून्यामुळे लागू पडणारं औषध एखादीला मिळतच नाही.

धाड, चिखली, भोकरदनकडच्या वाचकांना म्हणून एवढंच सांगणं आहे. घरातल्या कुणाची गाठ काढली जाणार असेल, तर आधीच विचारा : फॉर्मॅलिन तयार आहे का, तुकडा त्यात किती वाजता टाकला हे डब्यावर लिहिणार का, आणि तो कोण, कधी पोचवणार? आणि नंतर मेणाचा ठोकळा जपून ठेवायला सांगा, लागला तर मागून घ्या. फेरतपासणी त्याच्यावरच होते.