जुन्या व्हॅनचा रंग आणि घासणीचा हिशोब

बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातील खटकचिंचोळीसारख्या सीमावर्ती गावांत जुनी व्हॅन म्हटले की बहुधा मारुतीची ओम्नी डोळ्यांसमोर येते. १९८४ साली 'मारुती व्हॅन' या नावाने बाजारात आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ साली थांबल्यामुळे आज रस्त्यावर धावणारी प्रत्येक ओम्नी जुनीच असते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि पुढे दर ५ वर्षांनी वाहन तपासून तिचे नूतनीकरण करावे लागते. या तपासणीला बोलीत 'पासिंग' म्हणतात आणि रंगकामाचा विषय पुष्कळदा तिच्याच निमित्ताने निघतो.

कमी पैशांत रंग द्यायचा म्हणजे स्वस्त रंग आणायचा, अशी सर्वसाधारण समजूत असते, परंतु ती फसवी आहे, कारण या कामाचा मोठा भाग रंगाच्या डब्यात नसून मजुरीत आणि त्यातही घासणीत असतो. चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि सरकत्या दाराची खालची पट्टी या जागी पाणी व चिखल साचून पत्रा आतून कुजतो, आणि वरून केवळ फुगवटा दिसत असला तरी टोकदार हत्याराने टोचल्यावर तेथे भोक पडते. असा पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडणे हाच खरा उपाय होय. त्याऐवजी भोकावर लांबी, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचे भरावाचे पुट्टीसारखे मिश्रण, थापले तर पहिल्या पावसाळ्यातच कडेने पाणी शिरून ते सुटू लागते. लांबी ही पोचे भरण्यासाठी असते, पत्र्याची जागा घेण्यासाठी नव्हे, आणि कमी खर्चाच्या कामात सर्वाधिक फसवणूक होते ती याच ठिकाणी.

गंज उघडा पडून खरवडला गेला की प्रायमर, म्हणजे पत्रा आणि रंग यांना बांधून ठेवणारा पहिला थर, देतात. तो वाळल्यावर ४०० पासून ८०० क्रमांकापर्यंतच्या वॉटर पेपरने पाणी घालत पृष्ठभाग घासतात. क्रमांक जितका मोठा तितका कागद बारीक, आणि जाड कागदाचा ओरखडा राहिला तर चमकदार रंग तो लपवण्याऐवजी ठळक करतो. बिदरी कामात, म्हणजे धातूच्या भांड्यांवरील नक्षीकामातही, ओतलेले भांडे आधी कानशीने व कागदाने गुळगुळीत केल्याशिवाय कारागीर नक्षीला हात घालत नाही. रंगाऱ्याची शिस्त याहून वेगळी नाही.

रंगाचे दोन प्रकार येथे विचारात घ्यावे लागतात. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग, त्यातील थिनर उडून गेल्याने वाळतो आणि वाळल्यानंतरही थिनरमध्ये विरघळतो, म्हणून चुका सुधारणे सोपे जाते, पण उन्हात त्याची चकाकी लवकर मरते. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग, हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन कडक होतो, महाग पडतो, परंतु अधिक टिकतो. जुन्या रंगावर थिनरचा बोळा घासून पाहावा. रंग बोळ्याला लागला तर तो एनसीचा असण्याची शक्यता मोठी, आणि त्यावर थेट पीयू मारल्यास खालचा थर फुगून उठू शकतो. पावसाळ्यात एनसीचे काम टाळलेलेच बरे, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील दमटपणा त्यावर धरतो आणि रंगावर दुधी झाक येते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि फवाऱ्यावाटे ते श्वासात गेल्यास दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून हे काम करण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्या रुमालाने वाफ अडत नाही.

बचत करायची ती अन्यत्र. बंपर, दिवे, दारांच्या मुठी आणि रबरी पट्ट्या मालकाने स्वतः उतरवून दिल्या तर मजुरी वाचते आणि झाकायला लावलेल्या टेपच्या कडेला रंगाची रेघही उरत नाही. मूळचाच रंग ठेवला तर दारांच्या आतील कडा रंगवाव्या लागत नाहीत. शिवाय साधा पांढरा रंग असेल तर मेटॅलिक रंगाला लागणारा पारदर्शक क्लिअर कोट टळतो आणि पुढे एखादाच पत्रा रंगवताना छटाही जुळवता येते. उच्च सुरक्षा नंबरपाटीचे कुलूप तोडल्याखेरीज निघत नाही, म्हणून ती न काढता कागद-टेपने झाकणेच सोयीचे पडते.

रंग बदलायचाच असेल तर नोंदणीपत्रातील रंगाची नोंद आरटीओकडून बदलून घ्यावी लागते, आणि ऑलिव्ह ग्रीन मात्र निवडता येत नाही, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ ने तो केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवला आहे.